पावती कुणाच्या नावाची?

संपादकबाईंचा फोन आला. "यंदा अंकाचा विषय 'बिऱ्हाड'. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांवर तीन लेख आलेत, आता पुरे. तुम्ही देवाधर्माचं बिऱ्हाड बघा. देव हलतो तेव्हा त्याच्या पेटीचं काय होतं, ते."

मला पहिल्यांदा आठवलं ते आमच्या चाळीतलं भजनी मंडळ. तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली, भिंतीला टेकवलेला पखवाज, दोन डझन टाळ, एक वीणा आणि दर एकादशीला रात्री दहापर्यंत चालणारा गलका. चाळ पुनर्विकासात गेली. खोलीच्या बदल्यात बिल्डरने पैसे देऊ केले आणि उपनगरात कुठेतरी छोटी जागा घ्यायचं ठरलं. मंडळ कुठेच नोंदलेलं नव्हतं. मग चेक कुणाच्या नावाचा? अर्थात खजिनदारकाकांच्या. काका एवढे सरळ, की मंडळाच्या कापराचासुद्धा हिशेब ठेवायचे. त्यांनी पैसे मुदतठेवीत ठेवले, नॉमिनी म्हणून रीतीप्रमाणे मुलीचं नाव लावलं आणि जागा मिळायच्या आत ते गेले. मुलीला बिचारीला वाटलं, बाबांची पुंजी. तिला सांगायला जायचं कुणी आणि कोणत्या कागदाच्या जोरावर? टाळ आजही कुणाच्या तरी माळ्यावर पडले आहेत. या गोष्टीत चोर कोण, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. पैसे मात्र नाहीत.

हीच गोष्ट हजारो माणसं, दोन खंड आणि कोट्यवधींच्या आकड्यांनिशी बघायची, तर मुंबईहून फार लांब जावं लागत नाही. मी पुण्याची गाडी पकडली.

गल्ली नंबर एक

कोरेगाव पार्कात शिरलं की ऊन कमी होतं. वडांच्या पारंब्या रस्त्यावर उतरलेल्या, कुंपणांच्या मागे जुने बंगले. संस्थानिकांनी आणि धनिकांनी पुण्याच्या हवेसाठी इथे घरं बांधली होती, त्या काळाचा ऐसपैसपणा अजून टिकून आहे. पहिल्या गल्लीत ओशो रजनीशांच्या आश्रमाचं दार. पुणेकर अजून 'आश्रम'च म्हणतो. आतल्यांचा अधिकृत शब्द 'मेडिटेशन रिसॉर्ट' आहे, आणि या दोन शब्दांमध्ये निम्मं भांडण मावतं.

फुटपाथवर मरून झगे टांगलेले. आत जायचं तर झगा लागतो, म्हणून हा धंदा. "पूर्वी एका दिवसात जितके जायचे तितके आता आठवड्यात जात नाहीत," म्हणून विक्रेत्याने झगा झटकला आणि पुन्हा टांगला. पलीकडे नाल्याकाठची बाग आहे. एके काळी नाकाला रुमाल लावून ओलांडायचा तो ओढा शिष्यांनी साफ करून तिथे झाडी उभी केली. बाकावर एक जपानी बाई डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर कॉलेजातलं एक जोडपं बसलं होतं, त्यांनीही डोळे मिटले होते, पण कारण वेगळं.

बंद भिंतींच्या आड पोहण्याचा तलाव आणि टेनिस कोर्ट असलेला एक तुकडा आहे. त्याचं नाव 'बाशो'. त्याच्यापाशी आपण शेवटी येऊ. आधी या जागेवरून पहिल्यांदा बिऱ्हाड कसं हललं ते बघायला हवं.

देणं मागे, येणं पुढे

रजनीश मुंबईहून पुण्याला आले ते मार्च १९७४ मध्ये. कोरेगाव पार्कातले दोन शेजारशेजारचे बंगले आणि सुमारे सहा एकर जागा. जागेसाठी मोठा हात लागला तो जहाजांच्या धंद्यातल्या एका ग्रीक घराण्यातल्या शिष्येचा. कारभार लक्ष्मीबाईंकडे होता. मा योग लक्ष्मी, त्यांच्या सचिव. पाश्चात्त्य देशांतून माणसं येऊ लागली. ध्यान, थेरपीचे वर्ग, प्रवचनं, पुस्तकं, टेपा, प्रत्येकाला शुल्क. सहा एकरांत ते मावेना.

मोठी जागा हवी होती, पण सरकार नको म्हणत होतं. मोरारजी देसाईंच्या काळात जमिनीच्या वापराला परवानग्या मिळेनात. कच्छात जागा बघून झाली. सासवडच्या जुन्या गढीत एक छोटं कम्यून बसवून पाहिलं. त्यातच आयकराची सवलत पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली आणि अंदाजे ५० लाख डॉलरची मागणी डोक्यावर बसली. मे १९८० मध्ये प्रवचनात एकाने सुरा फेकला.

१ जून १९८१ रोजी रजनीश विमानाने अमेरिकेला गेले. कारण वैद्यकीय उपचारांचं सांगितलं होतं. आश्रमातल्या बहुतेकांना आधी पत्ताच नव्हता. सकाळी उठून कळलं, की गुरू गेले.

धर्मसंस्था आणि दुकान यांच्यातला फरक इथे कळतो. दुकान हलवताना माल, फर्निचर, उधारीची वही असं सगळं मोजून नेता येतं. धर्मसंस्थेचा माल म्हणजे एक माणूस. तो हलला की पैसा कमावण्याची सगळी ताकद त्याच्यासोबत हलते. कर, खटले, भिंती, पगारी माळी आणि विजेचं बिल मात्र जुन्या पत्त्यावर राहतं. देणं मागे, येणं पुढे. पुण्याच्या न्यासाकडे जमीन होती आणि थकबाकी होती. जगभरातून येणारी देणगी आता न्यू जर्सीतल्या नव्या पत्त्यावर जाऊ लागली. यात कुणाला तिजोरी फोडावी लागत नाही. फक्त पाकिटावरचा पत्ता बदलावा लागतो.

लक्ष्मीबाई मागे पडल्या. सूत्रं गेली त्यांच्या हाताखालच्या शीलांकडे. बडोद्याच्या या मुलीचं शिक्षण अमेरिकेत झालं होतं, बोलणं तिखट आणि निर्णय झटपट. पुण्याची जागा मात्र कुणी विकली नाही. विकता आली नाही की विकायची नव्हती, यावर जुने शिष्य अजून वाद घालतात. ती राहिली म्हणून पुढे परतायला दार उरलं, एवढं खरं.

चौसष्ट हजार एकर

गुरूंच्या उड्डाणाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोवर ओरेगन राज्यात 'बिग मडी रँच' नावाचं कुरण खरेदी करण्याचा करार झाला. ६४,२२९ एकर, किंमत ५७ लाख ५० हजार डॉलर. नाव शोभावं असंच, चराईने उघडं पडलेलं, चिखल-मातीचं. चार वर्षांत तिथे धरण आलं, धावपट्टी आली, हॉटेल आलं, बससेवा आली आणि ८८,००० चौरस फुटांचं सभागृह उभं राहिलं. शहराचं नाव रजनीशपुरम. आणि गुरूंच्या दिमतीला एकेक करत ९३ रोल्स रॉइस.

गाड्यांवर इतकं लिहिलं गेलं आहे, की त्यांच्या मागचा कागद कुणी बघत नाही. मला तो कागद जास्त रंजक वाटतो. समजा, एखाद्या घरात जमीन मोठ्या भावाच्या कंपनीच्या नावावर आहे, देवघर आईच्या न्यासाचं, शेतात राबणारे धाकटे भाऊ-भावजया एका सहकारी संस्थेचे सभासद आणि ती संस्था जमीन भाड्याने घेते, गाडी चौथ्याच कुणाच्या ट्रस्टची. बाहेरून बघणाऱ्याला एक कुटुंब दिसतं. कागदावर चार अनोळखी माणसं. रजनीशपुरम असंच होतं. 'रजनीश फाउंडेशन इंटरनॅशनल' हा धर्म. 'रजनीश इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन' ही नफ्यासाठीची कंपनी आणि जमीन तिच्या नावावर. राहणारे-राबणारे 'निओ-संन्यास इंटरनॅशनल कम्यून'चे. गाड्यांसाठी वेगळा 'मॉडर्न कार कलेक्शन ट्रस्ट'. वर युरोपातल्या कंपन्या.

ही रचना बेकायदा नाही. वकील याला सावधपणा म्हणतात, एकावर खटला पडला तर दुसरी वाचावी म्हणून. पण याचाच उलटा अर्थ असा, की एकीत पैसे घातलेल्याला दुसरीतली जमीन दिसते, हात लावता येत नाही.

आणि पैसे घालणारे कोण? बारा-बारा तास राबणारे वास्तुविशारद, डॉक्टर, सुतार, स्वयंपाकी. कामाला तिथे काम म्हणत नसत, 'वर्शिप' म्हणत. पूजेला मजुरी कोण मागणार? अनेकांनी घर विकून, वारसा मोडून पैसे आणले होते. शब्दांची ही गंमत आपल्याला नवी नाही. सेवा, अर्पण, भिक्षा, दक्षिणा असे आपल्याकडे पैशाला कितीतरी गोड शब्द आहेत, पण त्यातला एकही परत मागता येत नाही.

उसनं की दान

एका बाईंनी ते परत मागितले. न्यू मेक्सिकोतल्या, साठी उलटलेल्या शिष्या. त्यांचं म्हणणं, आपण फाउंडेशनला सुमारे ३ लाख १० हजार डॉलर उसने दिले, मागितले की परत मिळतील या बोलीवर. फाउंडेशनचं म्हणणं, ती देणगी होती. प्रकरण पोर्टलंडमध्ये ज्युरीपुढे गेलं. १९८५ साली ज्युरीने बाईंच्या बाजूने कौल दिला आणि दंडासह रक्कम सुमारे १७ लाख डॉलरवर गेली.

मला या खटल्याचं महत्त्व सगळ्या रोल्स रॉइसांपेक्षा जास्त वाटतं. एकाच चेककडे दोन माणसं बघतात. देणाऱ्याच्या मनात ठेव, घेणाऱ्याच्या वहीत दान. समुदाय एका जागी स्थिर असतो तोवर हा फरक उघडा पडत नाही, कारण कुणी मागतच नाही. जेवण मिळतं, खोली मिळते, गुरू रोज दिसतात. हिशेब सुटलेला असतो पण पोट भरलेलं असतं. हलण्याची वेळ आली, की प्रत्येक जण मनातल्या मनात आपापलं खातं उघडतो.

रिकामं शहर

१९८५च्या सप्टेंबरात शीला आणि त्यांच्या जवळचे लोक अचानक युरोपात निघून गेले. दोन दिवसांत रजनीशांनी पत्रकारांपुढे आरोपांची फैर झाडली. विषप्रयोग, चोरून संभाषण ऐकणं आणि शिवाय ५ कोटी ५० लाख डॉलर पळवल्याचा आरोप. विषप्रयोगाचं खरं निघालं. आदल्या वर्षी 'द डॅल्स' गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ जणांना आजारी पाडलं होतं. शीलांनी पुढे गुन्हे कबूल केले, तुरुंगवास भोगला. त्या साडेपाच कोटींचं मात्र कोर्टात काही सिद्ध झालं नाही. पैसे नेले होते, की ते नव्हतेच, की इतक्या कंपन्यांतून फिरले होते की कुणालाच एका जागी दिसत नव्हते? तिसरी शक्यता मला सगळ्यात मराठी वाटते. आपल्या सहकारी संस्थांच्या बैठका ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती पटेल.

ऑक्टोबरच्या अखेरीस रजनीशांना उत्तर कॅरोलायनात अटक झाली. नोव्हेंबरात इमिग्रेशनच्या गुन्ह्यांवर तडजोड होऊन ४ लाख डॉलर दंड, आणि देश सोडायचा. आठवडाभरात कम्यून बंद करायचं जाहीर झालं.

मग सुरू झाली विक्री. गाड्या टेक्सासमधल्या एका व्यापाऱ्याने घाऊक उचलल्या. बस, यंत्रं, फिरती घरं मिळेल त्या भावात. माणसं बॅगा घेऊन रस्त्याला लागली. चार वर्षं ज्यांनी धरण बांधलं त्यांच्या हातात त्या धरणाचा शेअर नव्हता, भाडेपावती नव्हती, पगाराची चिठ्ठीही नव्हती.

जमीन मात्र विकेना. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ओरेगनच्या जमीन-वापर कायद्यात ते कुरण शेतीचं. शहराच्या वैधतेवरच वर्षानुवर्षं खटले चाललेले. म्हणजे हॉटेल, दुकानं, सभागृह यांत ओतलेला पैसा ज्या परवानगीवर उभा, ती परवानगीच हलत होती. गिऱ्हाईकाला दिसत होतं एक दुर्गम कुरण आणि त्यावर बिनकामाचं सिमेंट. वर विमा कंपनीचं गहाण. १९८८ साली लिलावात त्याच विमा कंपनीने ते ४५ लाख डॉलरला घेतलं. १९९१ मध्ये मोंटानातल्या एका उद्योजकाने ३६ लाख ५० हजारांना. म्हणजे धरण, धावपट्टी, रस्ते सगळं धरून, दहा वर्षांपूर्वीच्या ओसाड कुरणापेक्षा २१ लाखांनी स्वस्त. चाळीतला आमचा बिल्डर याहून बरा भाव देत होता.

त्या उद्योजकाने पुढे ते 'यंग लाइफ' या ख्रिस्ती युवक संघटनेला दान केलं. १९९९ पासून तिथे मुलांची शिबिरं भरतात आणि गुरूंच्या त्या सभागृहात मुलं खेळतात.

छत्तीस कलम

पुण्यातल्या धर्मादाय कार्यालयात गेलो ती वेळ जेवणाची. बाकावर एका गावच्या देवस्थानाचे तीन विश्वस्त डबा उघडून बसले होते. चटणी-भाकरी, आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे न्यासाचं जणू जन्मपत्र. विश्वस्त बदलल्याची नोंद आठ वर्षं अडकलेली. मयत विश्वस्ताच्या मुलाने हरकत घेतलेली.

माझ्या ओळखीचे एक वकील इथे निम्मं आयुष्य घालवून बसलेत. त्यांना विचारलं, न्यासाला जागा विकून दुसरीकडे जायचंय, तर काय करायचं? त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "छत्तीस."

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, कलम ३६. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. ती नसेल तर व्यवहार सहसा वैध नाही. ठराव लागतो, मूल्यांकन लागतं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन बंद पाकिटात देकार मागवावे लागतात. "पण खरं पाकीट ते नाहीच," वकील म्हणाले. "आयुक्त विचारतो, विकायची गरज काय पडली? आणि इथे विश्वस्ताला राग येतो. त्याला वाटतं, मी आयुष्य घातलं या संस्थेत आणि हा सरकारी माणूस मला गरज विचारतो."

पायऱ्या उतरताना मी मनात ओरेगन मांडून पाहिलं. तिथे चार वर्षांत हा प्रश्न कुणीच कुणाला विचारला नव्हता. अमेरिकेत धर्मसंस्थेला वार्षिक हिशेब जाहीर करण्यातूनही सूट असते. आपलं धर्मादाय खातं संथ असेल, तारखांवर तारखा पडत असतील, त्या देवस्थानवाल्यांची आठ वर्षं गेलीच आहेत. तरी प्रश्न विचारायला एक खिडकी आहे.

बाशो

रजनीश जानेवारी १९८७ मध्ये पुण्याला परतले, त्याच न विकलेल्या जागेत. १९८९ मध्ये ओशो झाले, १९ जानेवारी १९९० रोजी गेले. आश्रम पुन्हा भरला, काळे पिरॅमिड उभे राहिले, झगे विकले जाऊ लागले. मग हळूहळू ओघ आटला आणि कोविडात दार बंदच झालं.

ओशो इंटरनॅशनल फाउंडेशनच्या विश्वस्तांनी बाशोचा तुकडा, सुमारे ९,८०० चौरस मीटर, विकायची परवानगी मागितली. किंमत १०७ कोटी रुपये. घेणारा राजीव बजाज यांच्याशी संबंधित ऋषभ फॅमिली ट्रस्ट. विश्वस्तांचं म्हणणं सरळ होतं. कोविडाने उत्पन्न गेलं, खर्च थांबत नाहीत, एक तुकडा विकून बाकीचं जगवू. शिष्यांच्या एका गटाने हरकत घेतली. गुरूची जागा तुकड्या-तुकड्याने विकून पुण्यातून बस्तान हलवायचा हा डाव आहे, असं त्यांना वाटत होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये सहधर्मादाय आयुक्तांनी अर्ज फेटाळला. विकल्याशिवाय गत्यंतर नाही इतकी निकड दिसत नाही, असा निष्कर्ष. आधीच घेतलेले ५० कोटी परत करा. आणि २००५ ते २०२३ या काळाचं विशेष लेखापरीक्षण. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही विश्वस्तांची याचिका फेटाळली.

दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यावर माझा कल शिष्यांकडे झुकतो, पण अर्धाच. जागा धरून ठेवणं म्हणजे संस्था जगवणं नव्हे. रिकाम्या तलावाचं पाणीही कुणाला तरी बदलावंच लागतं, आणि हरकत घेणारा त्याचं बिल भरत नाही. मला खटकतं ते वेगळंच. छत्तीस कलम फक्त स्थावरावर चालतं. मातीला परवानगी लागते, शब्दाला नाही. आणि या संस्थेची सगळ्यात मोठी मिळकत माती नाहीच. ती आहे शेकडो पुस्तकं, हजारो तासांची प्रवचनं, जगभरच्या भाषांतले हक्क. त्या हक्कांवरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. २०१३ साली तर निधनानंतर तेवीस वर्षांनी युरोपात ओशोंचं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं, आणि ते बनावट असल्याची फिर्याद पुण्यातल्या शिष्यांनी केली. हक्कांचा पैसा परदेशात वळवला गेला, हा त्यांचा जुना आरोप. विश्वस्तांना तो मान्य नाही. पण बिऱ्हाड हलायचं असेल तर ते आधी इथूनच हलतं. वडाच्या सावलीतल्या भिंती जागच्या जागी राहतात, रखवालदार सलाम ठोकतो, आणि घरातलं सोनं कधीच बाहेर पडलेलं असू शकतं.

परतताना पुन्हा त्या झगेवाल्यापाशी थांबलो. १०७ कोटींचं त्याला ठाऊक होतं. "साहेब, विको नायतर ठेवो," तो म्हणाला, "आपली टपरी भिंतीला लागून आहे. भिंत कुणाची का असंना."

मुंबईत आल्यावर खजिनदारकाकांच्या मुलीकडे गेलो. पैशाबद्दल बोलायचं धाडस याही वेळी झालं नाही. काकांची जुनी कागदपत्रं बघू का, एवढंच विचारलं. तिने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून दिली. आत टाळांच्या दोऱ्यांची गुंडी, कापराची रिकामी डबी आणि मंडळाची पावतीपुस्तकं, सगळी स्थळप्रती शाबूत. एक उघडलं. काकांच्या तिरप्या अक्षरात: समईच्या तेलाकरिता, रुपये अकरा. देणाऱ्याच्या रकान्यात माझ्या आजीचं नाव होतं.